पिठलं दहा मिनिटांत का होतं?

‘आता पटकन काय होईल?’ रात्री आठच्या सुमारास हा प्रश्न किती घरांत विचारला जात असेल! उत्तरादाखल बहुतेक वेळा पदार्थांची नावं येतात. पिठलं कर, मुगाची खिचडी टाक, पोहे कर. उत्तरं बरोबरच आहेत. पण हेच पदार्थ का? राजमा का नाही, भरली वांगी का नाही, पुरणपोळी का नाही? हे पदार्थ झटपट होतात आणि ते होत नाहीत, यामागे काही साधी कारणं आहेत. ती एकदा कळली की पदार्थांची यादी पाठ करावी लागत नाही. फडताळ उघडून जे दिसेल त्यावरून, पंधरा-वीस मिनिटांत यातलं काय होऊ शकेल, हे आपलं आपल्याला सांगता येतं.

१. वेळ जातो कुठे?

स्वयंपाकात दोन प्रकारचा वेळ लागतो. एक हातांचा : निवडणं, सोलणं, चिरणं, मळणं, लाटणं. दुसरा चुलीचा : भांडं आचेवर ठेवल्यापासून आतला पदार्थ शिजेपर्यंतचा. घाईच्या वेळी आपण हात भराभर चालवतो. पण चुलीचा वेळ हातांच्या घाईने कमी होत नाही, म्हणून आधी त्याच्याकडे पाहू.

तांदूळ, गहू, डाळी, बटाटा या सगळ्यांत पिठूळ द्रव्य असतं, त्याला स्टार्च म्हणतात. स्टार्चच्या सूक्ष्म कणांना पाणी आणि साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसची उष्णता मिळाली की ते फुगतात आणि मऊ होतात. धान्य शिजतं म्हणजे मुख्यतः हे घडतं. आपलं पाणी तर १०० अंशांना उकळत असतं, म्हणजे गरजेपेक्षा जास्तच गरम. मग उशीर का होतो? कारण पाणी आणि उष्णता दोन्हींना दाण्याच्या पृष्ठभागापासून गाभ्यापर्यंत पोचायचं असतं, आणि हा प्रवास फार संथ असतो.

जत्रेच्या गर्दीत शिरलेल्या माणसाची कल्पना करा. त्याला सरळ चालता येत नाही. धक्के खात तो कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी चक्क मागे ढकलला जातो. दहा पावलं पुढे सरकायला त्याला जेवढा वेळ लागेल, त्याच्या दुप्पट वेळात वीस पावलं होतील असं नाही; चौपट वेळ लागेल. धान्यात शिरणाऱ्या पाण्याचं आणि उष्णतेचं असंच होतं. म्हणून नियम असा : जाडी निम्मी केली की वेळ जवळपास चौथ्या हिश्शावर येतो. जाडी तिसऱ्या हिश्शावर आणली, तर वेळ नवव्या हिश्शावर.

आता एकच हरभरा तीन रूपांत पाहा. अख्खा हरभरा रात्रभर भिजवावा लागतो आणि मग कुकरमध्ये वीस-पंचवीस मिनिटं ठेवावा लागतो. तोच भरडून केलेली हरभऱ्याची डाळ तासभर भिजवली तर पुरते आणि कुकरमध्ये साधारण पंधरा मिनिटांत शिजते. आणि ती डाळ दळून केलेलं बेसन भिजवावं लागतच नाही. त्याचा प्रत्येक कण मिलिमीटरपेक्षा बारीक असल्यामुळे पाणी गाभ्याशी पोचायला क्षणही लागत नाही. धान्य एकच, फरक पडला तो जाडीत. गिरणीने तुमचे कितीतरी तास आधीच वाचवून ठेवलेले असतात.

या नियमाला एक मर्यादाही आहे. भाज्यांच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन नावाचं द्रव्य सैल पडायला उकळत्या उष्णतेतही काही मिनिटं लागतातच. मोठा बटाटा अख्खा उकडायला पंचवीस-तीस मिनिटं घेतो. त्याच्या कागदाइतक्या पातळ काचऱ्या केल्या तरी त्या अर्ध्या मिनिटात शिजत नाहीत. झाकण ठेवून सात-आठ मिनिटं द्यावी लागतात. पण पंचवीस मिनिटांची आठ होणं हेही थोडंथोडकं नाही.

२. पिठलं, जरा सावकाश

घाईच्या जेवणात पिठल्याला मी पहिलं स्थान देते, कारण त्याला ताजी भाजी लागत नाही, आधीची तयारी लागत नाही आणि हरभऱ्याची प्रथिनं त्यातून मिळतात. मात्र दोन गोष्टी जपाव्या लागतात.

पहिली गोष्ट गुठळ्यांची. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात एकदम पडलं की ढेकळाच्या बाहेरचा थर तत्काळ शिजून चिकट होतो. तो थर मग आत पाणी जाऊ देत नाही आणि मध्ये कोरडं पीठ अडकून राहतं. थंड पाण्यात स्टार्च फुगत नाही, त्यामुळे प्रत्येक कण सुटा सुटा भिजतो. म्हणून सवय नसेल तर एक वाटी बेसन एक वाटी थंड पाण्यात आधी कालवून घ्यावं. कढईत फोडणी करून कांदा, हिरवी मिरची, लसूण परतावं, दोन वाट्या पाणी आणि मीठ घालून उकळी आणावी आणि मग कालवलेलं पीठ एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळावं. ज्यांचा हात बसला आहे ते उकळत्या पाण्यावर कोरडं पीठ चिमटीचिमटीने पेरतात आणि रवीने किंवा उलथन्याने घोटतात. त्या पिठल्याला पोत वेगळा येतो, पण दमून आलेल्या रात्री कालवलेल्या पिठाचा रस्ता बिनधोक.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पीठ घातल्यावर दोनच मिनिटांत पिठलं दाट होतं आणि झालंसं वाटतं. स्टार्च फुगल्यामुळे आलेला तो दाटपणा असतो. बेसनाचा कच्चट वास तोवर गेलेला नसतो. तो जायला मंद आचेवर झाकण ठेवून आणखी पाच-सहा मिनिटं वाफ द्यावीच लागते. पिठलं आवडत नाही म्हणणाऱ्या मुलांनी पुष्कळदा ही वाफ न दिलेलं पिठलं खाल्लेलं असतं.

पाणी कमी आणि तेल थोडं सढळ केलं की कोरडा झुणका होतो. तो ज्वारीच्या भाकरीबरोबर खावा. कोकणात हेच काम कुळथाचं पीठ करतं. कुळीथ भाजून मग दळलेले असतात, त्यामुळे पीठ जवळपास तयारच असतं. दोन मोठे चमचे पीठ दोन-तीन वाट्या पाण्यात कालवून, लसणाची फोडणी देऊन, दोन आमसुलं टाकून उकळलं की भातावर घ्यायला गरम पिठी तयार. पावसाळ्यातल्या रात्री तिच्यापुढे दुसरं काही नको वाटतं.

३. आधीच शिजून आलेलं

काही जिन्नस आपल्या घरी येतात तेच अर्धेमुर्धे किंवा पूर्ण शिजून. पोहे हे त्यातलं ठळक उदाहरण. भात, म्हणजे साळ, गरम पाण्यात भिजवतात, कडक तापलेल्या वाळूत किंवा भट्टीत भाजतात आणि गरम असतानाच चेपून चपटे करतात. पाणी मिळालं, उष्णता मिळाली, म्हणजे आतलं स्टार्च तिथेच शिजलं. त्यावर तो दाणा पातळही झाला. आपण घरी करतो ते फक्त त्याला पुन्हा पाणी देण्याचं काम. म्हणूनच दडपे पोहे आच न दाखवताही होतात : पातळ पोह्यांत ओलं खोबरं, नारळाचं पाणी, बारीक चिरलेला कांदा, मीठ, साखर, लिंबू कालवून दहा-पंधरा मिनिटं दडपून ठेवायचे आणि वरून फोडणी द्यायची.

पाकिटातल्या झटपट नूडल्सचं तंत्र याच जातीचं आहे. जपानमध्ये मोमोफुकु आंदो यांनी १९५८ साली ते बाजारात आणलं. नूडल्स आधी वाफवायच्या, मग गरम तेलात तळायच्या. तळताना आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि त्याच्या जागी बारीक बारीक पोकळ्या राहतात. नंतर त्या पोकळ्यांतून गरम पाणी झटकन आत शिरतं. तंत्र हुशारीचं आहे यात शंका नाही. मात्र तळलेल्या मैद्याचं आणि भरपूर मिठाचं जेवण रोज रात्री कोणाला देऊ नये, विशेषतः आपल्याच फडताळात भाजणीचा डबा असताना.

भाजणीबद्दल मला फार आदर आहे. तांदूळ, ज्वारी, बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने, जिरे हे सगळं वेगवेगळं, मंद आचेवर, खमंग वास सुटेपर्यंत भाजायचं आणि एकत्र दळायचं. भाजल्याने तीन गोष्टी साधतात. दाण्यातला ओलावा जातो, म्हणून पीठ टिकतं. प्रथिनं आणि शर्करा यांच्या मिलाफातून तो तपकिरी खमंगपणा येतो, जो एरवी तव्यावर बराच वेळ घालवून मिळवावा लागला असता. आणि कच्चट चव निघून जाते. एका दिवसाचे हे कष्ट पुढे महिना-दोन महिने पुरतात. कांदा, तिखट, मीठ, कोथिंबीर घालून पीठ भिजवलं, तव्यावर थापलं, की थालीपीठ. मध्ये बोटाने पाडलेली भोकं ही नक्षी नव्हे. तिथे सोडलेलं तेल खालच्या बाजूला पोचतं, वाफ सुटायला वाट मिळते आणि एरवी जाड राहणारा मधला भागही कडेइतक्याच वेळात भाजला जातो. जाडीचा नियम इथेही आहेच.

मेतकूट हे याच घराण्यातलं. ते भाजूनच दळलेलं असल्यामुळे त्याला पुन्हा आचेवर ठेवावं लागत नाही. मऊ भात, तूप, मेतकूट, मीठ : आजारी माणसाला, लहान मुलाला आणि दमलेल्या मोठ्या माणसालाही पुरेसं जेवण. डांगराचं पीठही तसंच. भाजलेल्या उडदाचं ते पीठ दह्यात कालवून, वर कांदा आणि फोडणी घातली की तोंडीलावणं झालं.

४. कुकर केव्हा मदत करतो

बंद भांड्यात वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी १०० अंशांपेक्षा जास्त तापतं, हे फ्रान्सच्या डेनिस पापिनने १६७९ साली लंडनमध्ये दाखवलं होतं. आपल्या घरच्या कुकरमध्ये पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापतं. शिजण्याचा वेग दर दहा अंशांमागे ढोबळमानाने दुप्पट होतो असं धरलं, तर वीस अंशांमागे चौपट झाला. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटर उंच. तिथे हवेचा दाब कमी असल्यामुळे उघड्या पातेल्यात पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं आणि डाळ शिजता शिजत नाही. तिथे तर कुकरला पर्याय नाही.

पण कुकरचा हिशेब करताना आपण शिट्ट्या मोजतो आणि दोन गोष्टी विसरतो : दाब तयार व्हायला लागणारी पाच-सात मिनिटं आणि तो आपोआप उतरायला लागणारी दहा मिनिटं. तूरडाळ आतमध्ये दहा मिनिटंच शिजत असली तरी कुकर उघडायला पंचवीस मिनिटं होतात. त्यामुळे जे पदार्थ मुळातच दहा-बारा मिनिटांत होतात त्यांच्यासाठी कुकर लावण्यात लाभ नाही. तूरडाळीसाठी मात्र जरूर लावावा, कारण ती पंचवीस मिनिटं आपल्याला ओट्याशी उभं राहावं लागत नाही.

साल काढलेली मुगाची डाळ तुरीपेक्षा लहान आणि पातळ. जाडीचा नियम इथे तिच्या मदतीला येतो. ती उघड्या पातेल्यात तांदळाबरोबरच वीस मिनिटांत शिजते, म्हणूनच रात्रीची खिचडी मुगाची. दोन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ हे जुनं प्रमाण उत्तम आहे, कारण तांदळाच्या प्रथिनांतली उणीव डाळ भरून काढते आणि डाळीतली तांदूळ. वाडा कोलमसारखा बारीक दाणा घेतला तर आणखी लवकर होतं.

डाळ शिजत नाही अशी तक्रार असेल तर तीन गोष्टी तपासाव्यात. डाळ फार जुनी आहे का? उबदार, दमट जागी महिनोन्‌महिने राहिलेली डाळ शिजायला हटवादी होते. बोअरचं जड पाणी वापरलंय का? त्यातलं कॅल्शियम पेक्टिनला घट्ट करतं. आणि टोमॅटो, चिंच किंवा आमसूल सुरुवातीलाच टाकलंय का? आंबटामुळेही पेक्टिन सैल व्हायला उशीर लागतो. आंबट नेहमी डाळ शिजल्यावर घालावं. ही एवढी एक सवय बदलली तरी अनेक घरांतली आमटी लवकर होईल.

५. चव एका मिनिटात

मंद आचेवर तासभर शिजलेल्या रश्शात मसाल्यांचा अर्क हळूहळू उतरतो. आपल्याकडे तो तास नाही. तरी साध्या मुगाच्या वरणाला चव येते ती फोडणीमुळे. मसाल्यांतली सुगंधी द्रव्यं बहुतांशी पाण्यात विरघळत नाहीत, तेलातुपात विरघळतात. शिवाय तेल पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं. त्यामुळे पाण्यात तासाभरात जे झालं नसतं ते तेलात काही सेकंदांत होतं.

फोडणीचा क्रमही याच कारणाने ठरलेला आहे. मोहरी आधी, कारण तिच्या टणक सालीआड थोडं पाणी असतं, त्याची वाफ झाल्याशिवाय ती तडतडत नाही आणि तोवर तिचा कडवटपणा जात नाही. मोहरी तडतडली म्हणजे तेल पुरेसं तापलं ही खूणही मिळते. मग जिरे, हिंग, कढीपत्ता, आणि हळद सर्वांत शेवटी, कारण ती पूड आहे, क्षणात करपते. हळदीपाठोपाठ लगेच कांदा, भाजी किंवा पाणी पडलं पाहिजे.

ताकाची कढी हा फोडणीवर उभा असलेला दहा मिनिटांचा पदार्थ. आंबट ताक तापवलं की त्यातली प्रथिनं गोळा होऊन ताक फुटतं. दोन भांडी ताकाला एक मोठा चमचा बेसन आधीच कालवलं तर त्याचं स्टार्च फुगून ताक दाट करतं आणि प्रथिनांच्या कणांना एकमेकांजवळ येऊ देत नाही. मंद आच, सतत ढवळणं आणि उकळी फुटायच्या बेतात गॅस बंद करणं, एवढं पाळलं की कढी फुटत नाही.

६. मासे, अंडी आणि सुकं

अंड्याला ६० ते ८० अंश पुरतात, म्हणून भुर्जी पाच मिनिटांत. माशाच्या मांसात मटणासारख्या चिवट संयोजक ऊती फार थोड्या असतात आणि त्याही कमी उष्णतेला मऊ पडतात. त्यामुळे वाटण तयार असेल तर बांगड्याचं हुमण उकळी आल्यावर सात-आठ मिनिटांत होतं; त्याहून जास्त ठेवलं तर मासा कोरडा पडतो. मटणाला मात्र या प्रकरणात जागा नाही. मासे नसतील त्या रात्री गोव्यात किसमूर करतात : सुकी सुंगटं तव्यावर कुरकुरीत भाजून, त्यांत ओलं खोबरं, कांदा, तिखट आणि थोडं आंबट कालवायचं. किनारपट्टीवर जवळा-सुकटीचा डबा त्याचसाठी भरून ठेवलेला असतो.

७. उरलेला भात

शिजलेला भात थंड झाला की फुगलेलं स्टार्च पुन्हा घट्ट होतं आणि दाणे कडक, सुटे होतात. म्हणून फोडणीचा भात सकाळच्या भाताचाच चांगला लागतो. ताज्या भाताचा गोळा होतो. पाण्याचा हबका मारून झाकण ठेवलं की कडकपणा पुन्हा जातो.

एक सावधगिरी मात्र मनावर घ्यावी. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते उकळण्याने मरत नाहीत. भात तासन्‌तास उघड्यावर कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी सोडलेल्या विषांपैकी एक पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. तेव्हा उरलेला भात पसरट भांड्यात काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. दुपारभर ओट्यावर राहिलेल्या भाताला फोडणी देऊ नये. पोळी-भाकरी त्या मानाने कोरडी असल्याने तिचा कुस्करा निर्धास्त करावा.

८. एका रात्रीचा हिशेब

समजा, आठ वाजून दहा मिनिटांनी तुम्ही घरात आलात आणि चार माणसांसाठी पिठलं, भात आणि कोशिंबीर करायची आहे. चपला काढल्यावर पहिलं काम तांदूळ धुऊन भिजत ठेवणं. तुम्ही हातपाय धुऊन येईपर्यंत तांदळाच्या दाण्यात पाणी शिरायला लागलेलं असतं आणि तेवढा चुलीचा वेळ वाचतो. त्याच वेळी एका शेगडीवर भाताचं आधण ठेवा, झाकण घालून. आठ वाजून वीस मिनिटांनी तांदूळ आधणात पडले की दुसऱ्या शेगडीवर कढई. तेल तापेपर्यंत कांदा चिरून होतो, कांदा परतेपर्यंत बेसन कालवून होतं. आठ पंचवीसला पीठ कढईत, झाकण वर, आच मंद.

आता पाच-सहा मिनिटं दोन्ही शेगड्यांना तुमची गरज नाही. या वेळात काकडी चोचवायची आणि दाण्याचा कूट, मिरची, लिंबू घालून ठेवायची. कूट आठवड्याचा एकदम करून डब्यात भरलेला असला तर हातांचा वेळ आणखी वाचतो. हेच पालेभाजीचं : मेथी शिजते पाच मिनिटांत, पण निवडायला पंधरा लागतात, म्हणून ती आदल्या रात्री निवडून, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली असेल तरच आजच्या बेतात घ्यावी. साडेआठला भाताची आच बंद करून तो झाकणाखाली मुरू द्यावा. आठ पस्तीसला पानं घेता येतात. कोशिंबिरीत मीठ मात्र अगदी वाढायच्या वेळी घालावं; मीठ काकडीतलं पाणी बाहेर ओढतं आणि लवकर घातलं तर वाटीत कूट खाली आणि पाणी वर अशी स्थिती होते.